मूल कुणाच्या ताब्यात होतं

कचेरीच्या व्हरांड्यात बाकावर बसले होते, तेवढ्यात शेजारच्या बाईनं कमरेची चंची सोडली आणि मांडीवरच्या पोराच्या तोंडात एक फुटाणा टाकला. माझा हात माझ्या आधी उठला आणि त्या पोराच्या हनुवटीखाली जाऊन थांबला. "थुंक," मी म्हटलं. पोरगं दीड वर्षाचं असेल नसेल. त्यानं माझ्याकडे नीट बघून घेतलं आणि ओला फुटाणा माझ्या तळहातावर टाकला. लेकरं माझं ऐकतात. ही काही मी बढाई मारत नाही. म्हणजे मारतेच आहे, पण खरी आहे. बाई मात्र तापली. "ओ बाई, लेकरू मपलं हाय का तुमचं?" "तुमचंच हाय," मी म्हटलं, "दाढा येऊ द्या त्याच्या. मग खुशाल फुटाणे चारा." ती पोराला घेऊन बाकाच्या पार टोकाला सरकली आणि तिकडून सगळ्या व्हरांड्याला ऐकू जाईल असं म्हणाली, "आली मोठी शाणी." व्हरांडा माझ्याकडे बघायला लागला. मी फुटाणा मुठीत धरून समोरच्या भिंतीकडे बघत बसले. मला तिचा राग आला नाही. आपण इथं कशासाठी येऊन बसलो आहोत हे त्या बाईला कळलं असतं तर ती पोट धरून हसली असती, एवढंच मनात आलं. लेकराच्या घशात दाणा अडकला म्हणून माझीच चौकशी होती.

लातूरचा जिल्हा होऊन साडेतीन वर्षं झाली तरी या कचेरीत उस्मानाबादेहून आलेले फायलींचे गठ्ठे अजून सुतळी न सोडता पडलेले होते. कोपऱ्यातला रांजण उपडा घातलेला. साहेब टँकरच्या कामाला बाहेर गेलेले. सगळा जिल्हाच त्या साली टँकरच्या मागे होता. माझ्या पिशवीत हजेरीचं रजिस्टर होतं आणि आलेला कागद होता. त्यात माझ्या नावापुढं 'हलगर्जीपणा' असा शब्द होता. पाच वर्षं मी अंगणवाडी चालवते. या पाच वर्षांत माझ्या खोलीत एकाही लेकराच्या हातात अख्खा शेंगदाणा पडलेला नाही. दाणे आले की खलबत्त्यात कुटायचे, मग वाटायचे. हरभरे रात्रभर भिजवायचे, शिजवायचे आणि वर पळीनं ठेचायचे. मदतनीस पार्वतीबाई कुटता कुटता कुरकुरायची, "तुमचं लई न्यारंच हाय बाई. सारी दुनिया दाणे खाऊन राहिली, तुमच्याच लेकरांचे घसे कामून बारीक?" जेवण झालं की लेकरं रांगेत उभी राहायची आणि मी पुढून जाताना एकेक जण तोंड उघडायचा. आ. मी आत बघायची, जीभ उचलायला लावायची, मग पाठीवर थाप. गालात घास धरून झोपी जाणारी लेकरं असतात. त्यांच्या आयांना ते ठाऊक नसतं, मला असतं. सुपरवायझर बाई एकदा म्हणाल्या होत्या की हे काही नियमात नाही. मी म्हटलं होतं, माझ्यात आहे.

आणि त्याच खोलीत, रथसप्तमीच्या दिवशी, माझ्या डोळ्यांदेखत अख्खे शेंगदाणे पायलीनं सांडले. ते मीच सांडू दिले. याचं कारण सांगायला लाज वाटते, पण सांगते. आमची अंगणवाडी शंकरप्पांच्या जुन्या सरकीच्या खोलीत भरते. शंकरप्पा आडत दुकानवाले, घर मोठं, शिवभक्त. त्यांची बायको कमलम्मा वाईट बाई नाही, पण पाच वर्षांत तिनं त्या खोलीचा उंबरा कधी ओलांडला नव्हता. काय हवं नको ते बाहेरूनच विचारायची, उन्हात उभी राहून, पदर सावरत. आम्ही छप्पन्न सालापासूनचे बौद्ध. तिला ते ठाऊक होतं आणि ते तिला ठाऊक आहे हे मला ठाऊक होतं. दोघी त्यावर कधी बोललो नाही. तर ती कमलम्मा त्या आठवड्यात आली आणि सरळ आत येऊन चटईवर बसली. म्हणाली, "नातवाचं पहिलं बोरन्हाण हाय, बाई. घरी लुटायला लेकरं कुठली? ह्यांना ह्यांचं काम, त्यांना त्यांची शाळा. तुमच्या लेकरांतच करावं म्हणते. गोड दिसंल." आणि मग तिनं पाणी मागितलं. मी पार्वतीबाईला हाक मारली नाही, स्वतः उठले, माझ्या तांब्यातनं दिलं. ती ते प्याली. तोंड लावून प्याली.

घरी व्यंकटी, माझा नवरा, म्हणाला, "आपल्यात कुठाय गं बोरन्हाण? आपला सण म्हंजी चौदा एप्रिल." मी म्हटलं, "लेकरांचं काय, लेकरांना बोरं भेटतील." पण बोरांचं निमित्त होतं. मला तो तांब्या दिसत होता. दुष्काळाच्या साली, वस्तीतल्या लेकरांच्या मधे, आडत्याचा नातू पाटावर बसणार. माझ्या खोलीत बसणार. आणि अख्खी गल्ली ते बघणार. मला त्याचा गर्व झाला. कुर्रेबाज माणूस आहे मी, लहानपणापासून. गर्वात माणसाला दिसेनासं होतं असं नाही, दिसत असतं, पण आज चालेल असं वाटतं. कमलम्मानं काळं झबलं घातलेल्या नातवाच्या डोक्यावर सूप उपडं केलं. त्या साली बोरं किडकी आणि थोडी, म्हणून तिनं त्यात शेंगदाणेच जास्त मिसळले होते, भाजलेले, लाल सालीसकट. चुरमुरे, उसाचे करवे, रेवड्या. मी ते सुपात असतानाच बघितले होते. तोंडातून शब्द आला होता, 'कमलम्मा, दाणे' एवढाच, आणि ती इतकी हसत होती की मी पुढचा शब्द गिळला. लेकरं तुटून पडली. एकच कल्ला झाला. त्या कल्ल्यात मला एक जागा गप्प लागली.

हे कसं सांगावं. रडणाऱ्या लेकराची मला फिकीर नसते, खोकणाऱ्याची थोडी असते. गप्प लेकरू दिसलं की माझ्या पाठीतून सर्रकन काहीतरी जातं. भिंतीपाशी सुमनबाईची बायडी बसली होती, दोन वर्षांची. तोंड उघडं, डोळे मोठे, दोन्ही हात पुढं, आणि आवाज नाही. खोकला नाही, काही नाही. तिचे ओठ बघता बघता जांभळे व्हायला लागले. पुढचं मी केलं असं म्हणणं बरोबर नाही. पुढचं माझ्या हातानं केलं. बायडी माझ्या डाव्या हातावर पालथी, डोकं खाली, माझी मांडी तिच्या पोटाखाली, आणि उजव्या तळव्याची टाच तिच्या दोन्ही खांद्यांच्या मधे, पाठीवर. एक. दोन. कमलम्मा किंचाळली, "अय्यो, मारून राहिली लेकराला!" तीन. चार. पाचव्याला अर्धा दाणा फरशीवर पडला, लाल सालीसकट, आणि मागून बायडीचं रडणं आलं. आजवर इतकं चांगलं काही मी ऐकलेलं नाही. तिचा श्वास तरी शिट्टीसारखा वाजत होता, म्हणून तिला तशीच छातीशी धरून रिक्षानं दवाखान्यात नेली. आत एक तुकडा राहिलाच होता. तो डॉक्टरांनी काढला. दोन दिवस ठेवून घेतली. डॉक्टरनं मला विचारलं, "पाठीत थापटायला कुणी शिकवलं?" मी म्हटलं, "कुणी न्हाई." खोटं बोलले.

एक नर्स होती, बहात्तरच्या दुष्काळातली. लोह्याच्या अलीकडच्या माळावर पाझर तलावाचं काम निघालं होतं. आई भामाबाई आणि बाप ज्ञानोबा दोघं त्या कामावर होते. बाप खणायचा, आई पाट्या वाहायची. मी अकरा वर्षांची. माझं काम म्हणजे कौशा. माझी धाकटी बहीण कौशल्या, वय दोन, एका बाभळीला लुगड्याची झोळी बांधून तिच्यात निजवायची, उठली की कडेवर घ्यायची, ऊन सरकलं की झोळी सरकवायची. त्या माळावर अशा माझ्यासारख्या पंधरा-वीस पोरी होत्या, प्रत्येकीच्या कडेला एकेक. दुपारी सुकडी मिळायची. ती सुकडी पाण्यात कालवून कौशाला बोटानं चाटवायची. ती मला सोडून आईकडेसुद्धा जायची नाही. संध्याकाळी आई हात पुढं करायची तर ही माझ्या झिपऱ्या धरून बसायची आणि मला त्याचं केवढं वाटायचं. त्या दिवशी बाजार होता. आईनं सकाळी माझ्या ओच्यात मूठभर फुटाणे बांधून दिले होते, माझ्यासाठी. कौशा रडायला लागली तेव्हा मी तिला त्यातलेच दिले. एक दिला, गप्प झाली. अजून एक दिला. मी दुसऱ्या पोरीशी खडे खेळत होते. मग कौशा गप्प झाली. मला वाटलं, बरं झालं, गप्प झाली.

ते मी इथं पुढं लिहीत नाही. एवढंच सांगते की मी तिला उभी धरली होती. उभी, घट्ट, उराशी, आणि पळत होते मातीच्या ढिगांमधून आईकडे, आणि ती माझ्या खांद्यावर जड होत गेली. दुसऱ्या दिवशी टोचायला ती नर्स आली होती, तिनं ऐकलं आणि आईला म्हणाली, "पालथं धरून पाठीत थापटायचं होतं हो." मी ऐकलं. त्या रात्रीपासून मी गोधडीची गुंडाळी करून हातावर पालथी धरायची आणि थापटायची. पुढं लग्न झालं, माझी स्वतःची दोन झाली, तरी कधी एकटी असले की उशी घ्यायची. व्यंकटीनं एकदा बघितलं आणि विचारलं नाही. चांगला माणूस आहे. तेरा वर्षं माझा हात वाट बघत होता, रथसप्तमीला त्याची वेळ आली.

आणि कौशाबद्दल कुणी काही विचारलं नाही. पंचनामा नाही, कागद नाही, पोलीस नाही. मुकादम नरसिंग आला, टोपी काढून उभा राहिला आणि आईला म्हणाला, "भामाबाई, आजची हजेरी पुरी लावतो तुमची. जावा घरी." त्यानं मस्टर उघडलं आणि आईच्या नावापुढं खूण केली. माणूस दयाळू होता, त्याच्याकडे देण्यासारखं तेवढंच होतं. त्या मस्टरमधे कौशाचं नाव नव्हतं. असणारच कसं, ती कामावर नव्हती. मीही नव्हते. आमचं दोघींचं नाव कुठंच नव्हतं. बाप म्हणाला, तिचं तेवढंच होतं. आई मरेपर्यंत एकदाही म्हणाली नाही की धुरपता, तुझं लक्ष कुठं होतं गं. मी वाट बघितली त्या प्रश्नाची. तिनं मारलं असतं तरी मला चाललं असतं. कुणीतरी विचारायला हवं होतं की ती कुणाजवळ होती.

"सरवदे बाई!" आतून हाक आली. कारकून भीमाशंकरअप्पा, उदगीरकडचे, कपाळावर भस्माचे पट्टे, नाकावर चष्मा. माझी पगाराची बिलं तेच करतात, माणूस ओळखीचा. मी बसले. त्यांनी माझ्यासमोर छापील कागद ठेवला आणि आवाज उतरवला. "हे बघा बाई, साहेब न्हाईत तेच बरं हाय. मी सांगतो तसं बयान द्या, गोष्ट मिटवून टाकू. ती पोरगी दोन वर्षांची. तिला नुसता आहार द्यायचा, तोबी आई संग असताना. तीन वर्षांच्या आत तुमच्याकडं सोडायची न्हाईच. मंग तुमचा जिम्मा येतोच कुठं? लिहा, बालक आईसोबत कार्यक्रमाला आलं व्हतं. आईच्या ताब्यात व्हतं. संपलं." मी पिशवीतनं रजिस्टर काढून त्यांच्यापुढं ठेवलं. बायडीचं नाव शेवटच्या ओळीत, रोज, शाईनं. तिची आई नव्या जिल्ह्याच्या कचेरीच्या बांधकामावर घमेली वाहते. पोरगी कुठं ठेवणार, वाळूच्या ढिगावर? मीच तिला म्हटलं होतं, सोडत जा. आणि सोडलेल्या लेकराचं नाव मी लिहिते. नाव न लिहिता मी लेकरू घेत नाही. अप्पांनी ते पान बघितलं आणि कपाळाला हात लावला. "शाईनं कामून लिवलं हो? पेन्सिल न्हवती?"

मी त्यांना सांगितलं की कालच सुमनबाई येऊन गेली होती. बायडीला कडेवर घेऊन, दारातच उभी राहून. म्हणाली होती, "बाई, मीच व्हते म्हणून सांगते मी. तुमी मपल्या लेकराचा जीव वाचिवला. मपलं काय जातंय?" तिचं काय जातं ते मला ठाऊक होतं. दवाखान्यातून पोलिसात वर्दी गेलेली होती. ताब्यात आईच्या म्हटलं की हलगर्जीपणा आईचा, मग जमादार तिच्या खोपटासमोर जाऊन उभा राहणार. ती घाबरून सही-अंगठा काय म्हणतील ते देणार. आणि वर जन्मभर लोक म्हणणार, स्वतःच्या लेकराला दाणे चारले हिनं. ती तर पोरगी माझ्या हवाली करून, पदर खोचून कामावर गेली होती. "तसं न्हाई लिहायचं," मी म्हटलं. अप्पा म्हणाले, "मंग कमलम्माचं लिहू. सूप तिनंच उलटं केलं न्हवं?" "परवानगी मी दिली. सुपातले दाणे मी बघितले व्हते." "बाई, नौकरी जाईल." "जाऊ द्या" असं मी म्हटलं नाही. मला नोकरी हवी आहे. त्या खोलीतली चाळीस तोंडं दुसरं कोण उघडून बघणार आहे? मी म्हटलं, "अप्पा, तुम्ही सवाल वाचा. मी उत्तर देते."

त्यांनी चष्मा पुसला आणि वाचायला लागले, सरकारी आवाजात. नाव. गाव. शिक्षण, मॅट्रिक. घटनेचा दिनांक. आठव्या सवालाला ते थांबले आणि माझ्याकडे न बघता वाचलं, "घटनेच्या वेळी बालक कोणाच्या ताब्यात होते?"

तेरा वर्षं. माझे डोळे भरून आले आणि मला त्याची जराही लाज वाटली नाही. कुणीतरी विचारलं. छापील कागदावर, सरकारनं, शाई घालून विचारलं की लेकरू कुणाजवळ होतं. मी सरळ बसले. लग्नात बसले होते तशी. "माझ्या," मी म्हटलं. "लिहा. बालक माझ्या ताब्यात होते. दाणे अख्खे आहेत हे मी बघितले होते आणि थांबवले नाही. नंतर दाणा मीच काढला. हेबी लिहा, पूर्ण लिहा, पाच थापा." अप्पांनी लिहिलं. त्यांचं अक्षर चांगलं आहे. "आता हा शेवटचा," ते म्हणाले, "इथं सगळे 'नाही' लिवतेत. लिहून टाकतो. जबाब देणाराच्या ताब्यात असताना यापूर्वी असा प्रकार घडला आहे काय? असल्यास तपशील." टाक कागदाला टेकला.

"थांबा," मी म्हटलं. "हाव. घडलाय. एकदा."

अप्पांनी मान वर केली. "ह्या पाच वर्षांत? आमच्याकडं तर काहीच न्हाई." "तुमच्याकडं नसंलच. कुणाकडंच न्हाई. लिहा. ठिकाण, लोह्याजवळ पाझर तलावाचं काम. साल एकोणीसशे त्र्याहत्तर, चैत महिना, बाजाराचा दिवस. बालकाचे नाव कौशल्या ज्ञानोबा. वय दोन. कारण, फुटाणा." "बाई, कशाला उकरून काढून राहिल्या? तवा तुम्ही नौकरीत बी न्हवता." "तुमच्या सवालात नौकरी न्हाई. ताब्यात असताना, असं हाय. ती माझ्या ताब्यात व्हती." बाहेर व्हरांड्यात ती चंचीवाली बाई कुणाला तरी माझी गोष्ट सांगत होती. मग त्यांनी लिहायला सुरुवात केली, हळूहळू, एकेक शब्द. कौशल्या. ज्ञानोबा. माझ्या बहिणीचं नाव सरकारी कागदावर उमटताना मी बघत होते. जन्माचा दाखला नव्हता तिचा, मरणाचाही नव्हता. "त्या वेळी तुमचं वय?" त्यांनी विचारलं.

"अकरा."

टाक थांबला. त्यांनी चष्मा काढून टेबलावर ठेवला. मग म्हणाले, "अगं माय. मंग सांभाळणारं बी लेकरूच व्हतं की. बाई, हे लिहितो मी. सांभाळणारी स्वतः बालक व्हती, असं लिहितो." इतक्या वर्षांत हे कुणी मला म्हणालं नव्हतं. मी मान हलवली. "ते नका लिहू अप्पा. ते तुमचं म्हणणं हाय. बरं वाटलं ऐकून, पण तुमचं हाय. हे माझं बयान हाय, त्यात माझं लिहा. वय अकरा, आकड्यात लिहा आन् अक्षरात बी." त्यांनी दोन्ही लिहिलं. कागद फिरवून माझ्यापुढं केला. मी सवयीनं आधी वाचला, पहिल्यापासून शेवटपर्यंत, मग सही केली, पूर्ण नावाची, द्रौपदी व्यंकटी सरवदे. कधी नव्हे ते खाली कंसात धुरपता असंही लिहिलं, कारण कौशा मला त्याच नावानं, म्हणजे धुपू म्हणून, हाक मारायची.

"आता साहेब काय करतील ते माझ्या हातात न्हाई," अप्पा म्हणाले. "न्हाईच," मी म्हटलं. "हुकूम येईपर्यंत खोली उघडू ना?" ते म्हणाले, "हुकूम येईपर्यंत जिम्मा तुमचाच."

बाहेर आले तर बाकाशेजारी सुमनबाई उभी होती. अंगावर सिमेंटची धूळ, कामावरून तशीच आलेली, बायडी कडेवर. "सांगितलं का बाई मपलं नाव?" तिनं विचारलं. मी म्हटलं, "तुझं कशाला? माझं सांगितलं." बायडीला काय करायचं ते बरोबर कळलं. तिनं मला बघितलं आणि व्हरांड्यातल्या सगळ्या माणसांसमोर, चंचीवाल्या बाईसमोर, जबडा फाकवून तोंड उघडलं. आ. मी मुठीतला फुटाणा पिशवीत टाकला, वाकले आणि उजेडाकडे तिची हनुवटी वळवून आत नीट बघितलं. जीभ उचल म्हटलं, तिनं उचलली. मग तिला माझ्याकडे घेतली आणि सुमनबाईला म्हटलं, "जा तू कामावर. हिला मी नेते."